तिसऱ्या हाकेपर्यंत

किशोरचा आवाज धान्यबाजारात तीन शेडपार जायचा. तुरीच्या ढिगापाशी उभं राहून त्याने हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायला सुरुवात केली, की पलीकडच्या शेडमधले व्यापारी अर्धा चहा तसाच ठेवून निघत. घरात मात्र तोच आवाज चार हातांवर बसलेल्या अडीच वर्षांच्या पोरीच्या कानात शिरत नसे. आता याला काय म्हणावं! ज्याच्या पुकाऱ्यावर ढीगच्या ढीग माल इकडचा तिकडे होतो, त्याने घरी येऊन हातात बिस्किटाचा पुडा धरून लेकीची मनधरणी करावी, हे पाहायला गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहत.

मनधरणी कशी चाले तेही सांगून टाकलेलं बरं. जुई भिंतीला टेकून बाहुलीच्या पायातला मोजा ओढत बसलेली असे. किशोर खाटेवरून, मोबाइलातून नजर न काढता म्हणे, "जुई, जेवाले चाल."

जुई मोजा ओढत राही.

"चाल, बिस्किट देतो."

मोजा निघे. मग दुसऱ्या पायातला.

"बरं, दोन देतो. आन गाडीवर चक्कर मारू. चाल आता, लवकर."

तेव्हा कुठे जुई उठे, फ्रॉक झटके आणि सौदा जमलेल्या शेठसारखी सावकाश चालत ताटापाशी येऊन बसे. किशोरची आई पार्वताबाई गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणे, "लय लाडावली रे बाप्पा थे. तुयं काही आयकतच नाही."

"लहान हाये माय. कळन हळूहळू."

हळूहळू कळायला वेळ मिळाला नाही. जुन्या शहरातलं त्यांचं घर म्हणजे दार, दारापुढे ओटा, ओट्याला दोन पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की थेट गल्ली. गल्लीतून सायकली जातात, हातगाड्या जातात, आणि ऑटोवाले तर असे जातात की जणू रस्ता त्यांच्या आजोबांनी बांधला. एका रविवारी सकाळी दार उघडं राहिलं. शेजारच्यांच्या बकरीचं पिलू गल्लीत उड्या मारत होतं आणि जुई त्याच्यामागे पायऱ्या उतरली. किशोर ओट्यावर दाढी करत होता. "जुई, थांब," तो म्हणाला. "थांब वं, थांब!" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने जो पुकारा केला तो मोर्णा नदीच्या पलीकडे गेला असेल. तेव्हा ती थांबली. ती थांबली तिथून वीतभर अंतरावर ऑटोचं पुढचं चाक थांबलं.

ऑटोवाला खाली उतरला आणि शिव्या द्यायचं विसरून नुसताच हँडल धरून उभा राहिला. जुईला काही कळलं नाही. पिलू पळून गेलं म्हणून तिने भोकाड पसरलं.

हे सगळं किशोरच्या बायकोने, साधनाने, ओले कपडे खांद्यावर घेऊन दारातून पाहिलं. ती ओरडली नाही, रडली नाही. पोरीला उचलून आत घेऊन गेली, दाराची कडी लावली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. साधना बोलत नाही म्हणजे काहीतरी ठरवते आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं तिने स्पर्धा परीक्षा दिल्या होत्या. पोटात पोर असताना दिली, पोर मांडीवर असताना दिली. नुकताच अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू व्हायचा आदेश आला होता, आणि तो आला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलंही होतं: साधनाने अमरावतीत खोली घ्यायची, जुईने अकोल्यात बापाजवळ आणि आजीजवळ राहायचं, साधनाने शुक्रवारी संध्याकाळी यायचं आणि सोमवारी सकाळी जायचं. ठरलेलं ते आता मोडलं.

"जुई माह्यासंग अमरावतीले येईन," रात्रीचं ताट वाढताना साधना म्हणाली.

"अवं, पण आपलं तं ठरलं होतं ना?"

"ठरलं तवा मी ऑटो पाह्यला नव्हता. तुमी तीन खेपा वरडले. थे पयल्या खेपेले काहून नाही थांबली? मायीचे गुडघे चालत नाहीत, थ्या तिच्यामांगं धावू शकत नाहीत. उरले तुमी. तुमचं थे आयकत नाही. मंग तिले मी कोणाच्या भरवशावर ठेवू?"

"आन तिथी कोण पाहीन तिले?"

"धामणगाववरून माही आई येते म्हणे. मी फोन केला तिले."

आईला, केशरबाईंना, फोनही झाला होता म्हणजे बोलणं संपलंच होतं. सकाळी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जुई गाडीवर पुढे उभी राहायची, हॉर्न वाजवायची, आणि परत दारात आणून आजीकडे सोपवली की मागे वळूनही न पाहता जायची. संध्याकाळी तो बाजारातून आला की त्याच्या शर्टावरच्या तुरीच्या धुळीने शिंकायची, आणि तरी त्याच शर्टाला नाक पुसायची. आता ती आठवड्यातून एकदा दिसणार. पाहुण्यासारखं जायचं, खाऊ द्यायचा, पोरीने आजीच्या मागे लपून पाहायचं. पाहुणा बाप. किशोरने ताट बाजूला सारलं.

"मले पंधरा दिवस दे," तो म्हणाला.

"पंधरा दिवसानं काय होईन?"

"एका हाकेत थांबन थे. नाही थांबली तं तू घेऊन जाय, मी शब्द बोलणार नाही."

साधनाने त्याचं ताट परत पुढे सारलं. मग म्हणाली, "पंधरा दिवस दाराची कडी उघडी नाही राह्यली पायजे." आणि ती सोमवारी एकटीच अमरावतीला गेली.

पहिले चार दिवस किशोरने जे जे केलं ते सांगायची लाज वाटते. आधी आवाज चढवला. जुईने कानावर हात ठेवले आणि हा नवा खेळ आहे असं समजून हसली. मग डोळे वटारले. तिनेही वटारले. मग झोळीवाल्या बाबाची भीती घातली, तर ती दाराशी जाऊन "बाबा ये, बाबा ये" करत बसली. चौथ्या दिवशी त्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हलकाच होता, पण जुईने इतक्या आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं की त्याला स्वतःचीच किळस आली. पार्वताबाई म्हणाली, "तुया बापानं तुले कदी हात लावला होता का रे?" किशोर उठून बाहेर गेला आणि कारण नसताना गाडी पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्रास संपल्यावर तो पुंजारामजवळ जाऊन बसला. पुंजाराम म्हणजे बाजारातला जुना मापारी. काट्यावर माल मोजायचं काम त्याने तीस वर्षं केलं होतं आणि किशोर शाळेत जायचा तेव्हापासून तो त्याला ओळखत होता. तोंड फटकळ, पण माणूस सरळ. किशोरने सगळं सांगितलं. पुंजाराम हसायला लागला.

"भैताडा, पोट्टीचं काय चुकलं त्याच्यात? तूच तं तिले हर्रास शिकवला."

"मी? काय म्हणून राहिले काका?"

"तू पयल्या बोलीले माल सोडतं का?"

"पयल्या बोलीले कोण सोडन?"

"मंग थे काहून सोडन? तू एक बिस्किट म्हणतं, थे थांबते. दोन म्हणतं, थे थांबते. चक्कर म्हणतं, तवा सौदा पटते. पोट्टी तुयाहून हुशार हाये."

किशोर बोटांवर हाका मोजू लागला. बारा वर्षं तो हे काम करत होता. एक, दोन, तीन. तीन म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, हलला तो फसला. हे त्याच्या इतकं अंगात मुरलं होतं की मित्राला चहाला बोलवायचं तरी तो तीनदा म्हणायचा. आणि पोरगी जन्मल्यापासून हेच ऐकत होती.

"मी काट्यावर वजन सांगतो ना," पुंजाराम म्हणाला, "कितीक खेपा सांगतो?"

"एकदा."

"आन ज्यानं नाही आयकलं थो?"

"थो काट्यापाशी येते पाहाले."

"हां. पण पोट्टी काही काट्यापाशी येणार नाही. तवा तू जाय तिच्यापाशी. एकदा सांग, नाही आयकलं तं ऊठ आन जाय. खाटेवरून वजन सांगशीन तं कोण आयकन?"

सल्ला तर सोपा होता. करायला बसल्यावर त्याची गंमत कळली. त्या संध्याकाळी किशोर खाटेवरून एकदाच म्हणाला, "जुई, जेवाले चाल," आणि थांबला. जुईने मोजा ओढला. पुढची बोली येईना. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं, बाजार आज बंद आहे की काय अशा नजरेनं. किशोरने मोबाइल उशीखाली ठेवला, उठला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. ती त्याच्याकडे पाहीपर्यंत गप्प राहिला. पाहिल्यावर तिचा हात धरला आणि म्हणाला, "जेवाले चाल." बिस्किट नाही, चक्कर नाही.

जुईने जमिनीवर अंग टाकलं. तासभर ती रडली. शेवटी पार्वताबाई डब्याकडे निघाली, "देऊन टाक रे एक, पोट्टीचा गळा सुकला."

"माय, भाव नको वाढवू," किशोर म्हणाला. त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

असं तीन दिवस चाललं. चुली घरोघरच्या पेटत होत्या आणि यांच्या घरातून आठ वाजता रडणं सुरू होत होतं. शेजारणींनी पार्वताबाईला विचारलंही की सून गेली म्हणून पोट्टीचे हाल करून राहिले काय. किशोर आपला जुईसमोर जाऊन बसत राहिला. त्याच्या ध्यानात एक गोष्ट येत चालली होती आणि ती काही बरी नव्हती. जुईच्या समोर जाऊन बसायचं तर हातातलं सोडावं लागतं. दाढी अर्धी असेल तर अर्धी, फोनवर व्यापारी असेल तर व्यापारी. इतके दिवस त्याने पोरीला एकही गोष्ट हातातलं काम सोडून सांगितली नव्हती. आणि तिच्या हाकेचं काय करत होता? ती "पप्पा" म्हणायची, तो "हं" म्हणायचा. "पप्पा" म्हणायची, तो "थांब नं" म्हणायचा. तिसऱ्यांदा तिने त्याचा शर्ट ओढला की मग तो पाहायचा. म्हणजे तीन हाकांचा हिशोब दोन्ही बाजूंनी चालला होता. हे कळलं त्या दिवशी त्याला फार वाईट वाटलं. त्याने स्वतःलाही तोच नियम लावला. तिने एकदा "पप्पा" म्हटलं की उठायचं आणि जायचं. काय दाखवायची ती? मुंगी. भिंतीवरचा डाग. एकदा तर काहीच नव्हतं, नुसतं तो येतो की नाही ते पाहत होती.

आठव्या दिवशी त्याने हाक मारली आणि जुईने मान वर केली. कारण तिला आता माहीत झालं होतं की हा माणूस येणारच आहे. नवव्या दिवशी ती उठून आली. पार्वताबाईने तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

जेवायला येणं वेगळं आणि धावताना थांबणं वेगळं. बुधवारी सुट्टी म्हणून बाजार बंद होता. किशोर जुईला गाडीवर बसवून तिथे घेऊन गेला. रिकाम्या शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला जागा, आणि आडवं यायला कोणी नाही, दोन कुत्री सोडून. जुई धावली. "जुई, थांब," किशोर म्हणाला, साध्या आवाजात. ती धावत राहिली. तो चालत तिच्यापाशी गेला, उकिडवा बसला, खांद्यावर हात ठेवला. "थांब म्हटलं का पाय थांबवाचे." पुन्हा सोडली. पुन्हा गेला. उन्हात त्याचा शर्ट अंगाला चिकटला. कितव्यांदा कोण जाणे, तो "थांब" म्हणाला आणि जुई एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबली, डुलली, पडली आणि पडल्या पडल्या मागे पाहू लागली, बरोबर केलं ना म्हणून. किशोरने तिला उचलून डोक्यावर घेतलं आणि सगळ्या रिकाम्या बाजारात नाचला.

पहिल्या शनिवार-रविवारी साधना आली नव्हती, खोलीचं सामान लावायचं होतं. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी आली. फोनवर तिला सगळं रोज कळत होतं, पण फोनवर काय, कोणीही काहीही सांगेल. शनिवारी सकाळी तिने स्वतः दार उघडलं आणि ओट्यावर बसली. जुईच्या हातात चेंडू होता. तो पायऱ्यांवरून टपटप उड्या मारत गल्लीत गेला आणि जुई त्याच्यामागे निघाली. कोपऱ्यावरून ऑटोचा आवाज येत होता. साधना अर्धी उठली.

"जुई, थांब," किशोर आतून म्हणाला.

जुई खालच्या पायरीवर थांबली. चेंडू समोरच्या नालीत गेला. ऑटो निघून गेला. जुई मागे पाहत उभी राहिली, आणि किशोर येऊन तिच्याजवळ बसेपर्यंत हलली नाही.

साधनाने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "राहू द्या तिले इथीच."

किशोरला त्या दिवशी काय करू आणि काय नको असं झालं. त्याने आलू-बोंडे आणले, आईच्या गुडघ्याचं नवं तेल आणलं, पुंजारामला फोन करून सांगितलं. साधनाला तो नियम शिकवायला लागला, आणि शिकवताना त्याच्या अंगात मास्तर संचारला. साधना "जुई, इकडे ये" म्हणाली आणि जुई आली नाही. साधनाने पुन्हा तोंड उघडलं, तर याने बोट वर केलं. "दुसरी हाक नाही. माही पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात जाईन. एकदाच. नाही आली तं आपण जायचं." साधना उठून गेली. रविवारभर ती उठत होती आणि जात होती. जुई तिच्याकडे पाहत होती, पण किशोरच्या हाकेला वळत होती तशी नाही. "होईन," किशोर म्हणाला, "मलेही दहा दिवस लागले." साधना पुन्हा उठून जुईकडे गेली. दहा दिवस तिच्याकडे कुठे होते? तिच्याकडे दर आठवड्याचे दोन होते. हे किशोरच्या डोक्यात त्या वेळी आलं नाही. जिंकलेल्या माणसाच्या डोक्यात तसंही फार काही येत नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाच्या बससाठी तो दोघींना गाडीवर घेऊन स्टँडवर गेला. साधनाला खिडकीजवळची जागा मिळाली. किशोर खाली जुईचं बोट धरून उभा होता. पलीकडे एक माणूस पाइप लावून बस धूत होता, चाकावरून काळं पाणी गळत होतं, आणि जुई ते पाहण्यात गुंग झाली होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. साधनाने खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"जुई, मी जातो. टाटा कर."

जुईने ऐकलं नाही. ती पाण्याकडे पाहत होती.

साधनाने पुन्हा तोंड उघडलं आणि किशोरकडे पाहून मिटलं. दुसरी हाक नाही. आपण जायचं. पण ती कशी जाणार? नोकरीला पंधरा दिवस झालेले, पावणेदहाला हजेरी, गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि कंडक्टरने घंटी दिलेली. किशोरने हाक मारली असती तर जुई लगेच वळली असती. तो म्हणणारही होता. मग वाटलं, आईच्या हाकेला वळायला पोरीने आईच्याच हाकेनं शिकलं पाहिजे, आपण मधात कशाला पडा. एवढा विचार करायला जितका वेळ लागला तितक्यात बस फलाटावरून मागे सरकली, वळली आणि गेटबाहेर गेली. खिडकीत साधनाचा हात होता. तो हलत नव्हता, नुसता बाहेर होता.

बस धुणाऱ्या माणसाने पाणी बंद केलं. जुईने मान वळवली. समोरची जागा रिकामी होती.

"मम्मी," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. मग बापाचं बोट सोडून, जिथे खिडकी होती त्या जागेसमोर नीट उभी राहिली आणि वाट पाहू लागली. ती रडली नाही. तिला घाई नव्हती. हाक मारली की माणूस हातातलं टाकून येतो, आपल्यासमोर बसतो, आपल्याकडे पाहतो, हे तिला पंधरा दिवसांत पक्कं शिकवलेलं होतं, आणि तिने ते कोणाहीपेक्षा चांगलं शिकून घेतलं होतं.

किशोर तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. तिने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तो थोडा सरकला, तिनेही मान सरकवली. "मम्मी शुक्रवारी येते," तो म्हणाला. जुईने ऐकलं, मान डोलवली, आणि पुन्हा तिकडेच पाहत राहिली. पाच मिनिटं झाली असतील. एक बाई पिशवी घेऊन मधून गेली, जुईने तिला वाट दिली आणि परत आपल्या जागेवर येऊन उभी राहिली.

किशोरचा जीव तीळतीळ तुटला. शुक्रवारपर्यंत हे असंच उभं राहणार होतं, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत, आणि त्याच्या पुढच्या. मग एक दिवस पोरगी हाक मारायचं सोडून देणार होती. आपण दूर गेलो तर आपल्यासाठीही ती अशीच उभी राहील, हेही त्याला कळत होतं. पण तो दोन-चार दिवसांआड धावत जाऊ शकत होता. बाजार एकला, दोनला सुटतो. रविवारी असतच नाही. साधनाला टेबलावरून उठता येणार नव्हतं. त्याने जुईला उचललं. फलाटावर अमरावतीची दुसरी गाडी लागत होती. बाजारात अकराला हर्रास होता, तो कोणीतरी पुकारेल. स्कूटर स्टँडवर होती, राहील. त्याने आईला फोन करून सांगितलं की जेवायला वाट पाहू नको, आणि गाडीत चढला.

मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागल्यावर त्याने साधनाला फोन लावला. पलीकडे गाडीचा गोंगाट होता.

"अमरावतीले उतरली का स्टँडवरच थांब. आमी मांगच्या गाडीत हावो."

"आमी म्हणजे? जुई? काय झालं? बरी हाये ना थे?"

"बरी हाये. खिडकीपाशी बसली."

"मंग काहून येऊन राहिले? मले उशीर होईन, सायबाले काय सांगू?"

"सांगजो काहीबी. तू गेल्यावर तिनं तुले हाक मारली वं. मी गेलो समोर, पण माह्यानं भागलं नाही."

पलीकडे खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला.

"तुमच्या सासूले धामणगावले फोन करावं लागन," साधना म्हणाली. "आन कपडे? तिचे कपडे घेतले का?"

"नाही घेतले," किशोर म्हणाला. "उद्या बाजार सुटला का मी आणून देतो."